इंग्रजीची धास्ती कोणी घातली?

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी दोन प्रकारची माणसे येतात. एक पेढे घेऊन येणारी. दुसरी गुणपत्रिकेची घडी खिशात घालून दारातच घुटमळणारी. पेढेवाल्यांना आमची गरज नसते, म्हणून त्यांच्याविषयी आज लिहीत नाही. दुसऱ्यांची गुणपत्रिका उघडली की बहुधा एकच चित्र दिसते. मराठी बरे, इतिहास-भूगोल बरा, गणितात कसाबसा काठावर, आणि इंग्रजीत गाडी अडकलेली. पेण असो वा रोहा, खारेपाटातले गाव असो वा डोंगराकडची वाडी, चित्र फारसे बदलत नाही.

त्यापाठोपाठ ठरलेले वाक्य येते. "काय करणार भाऊ, इंग्रजी आपल्या नशिबातच नाय." हे वाक्य आई बोलते, बाप बोलतो, आणि दुःख याचे की मूलही मान खाली घालून तेच बोलते. ज्या समाजाने नशीब, पूर्वजन्म आणि कपाळावरची रेघ हे सगळे १९५६ साली नागपूरला मागे टाकले, त्या समाजाच्या घरात इंग्रजीच्या निमित्ताने नशीब मागच्या दाराने परत यावे, याचे आम्हांस फार वाईट वाटते. तेव्हा वाचकहो, आज याच विषयावर थोडे सविस्तर बोलू.

आधी मुलाची बाजू समजून घ्या. आपले मूल मराठी शाळेत शिकते. घरी मराठी, ओटीवर मराठी, विहारात मराठी, बाजारात मराठी. एस.टी.चा कंडक्टर मराठी बोलतो आणि पोस्टमनही मराठीच बोलतो. इंग्रजी त्याला भेटते ती फक्त वर्गात, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाला. तिथेही शिक्षक धड्याचा अर्थ मराठीत सांगतात आणि उत्तरे फळ्यावर लिहून देतात. मुले ती उतरवून घेतात व पाठ करतात. म्हणजे त्या तासालाही इंग्रजी कानांवर पडत नाही. पोहायला शिकवायचे आणि तलाव मात्र चित्रातच दाखवायचा, असा हा प्रकार आहे. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण एका वर्गात साठ-सत्तर मुले आणि डोक्यावर अभ्यासक्रम पुरा करण्याची टांगती तलवार असताना तेही काय करणार?

सरकारनेही प्रयत्न केले नाहीत असे नाही. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. त्या वेळी मोठा वाद झाला, कोवळ्या मुलांवर ओझे कशाला म्हणून मोठमोठ्या लोकांनी लेख लिहिले. आमचे मत तेव्हाही होते व आजही आहे, की हा निर्णय गरिबाच्या मुलासाठी चांगला होता. कारण श्रीमंताचे मूल कॉन्व्हेंटमध्ये बालवाडीपासूनच इंग्रजी शिकत होते, त्याच्यावर ओझे पडते असे कुणी म्हणत नव्हते. पण निर्णय चांगला असला तरी दहा वर्षे शिकून मूल दहावीत नापास होत असेल, तर वर्षे वाढवून भागत नाही हेही मान्य करावे लागेल.

तोंडी परीक्षेचीही अशीच गोष्ट. भाषेच्या पेपरात ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत. हे वीस गुण म्हणजे खिरापत आहे अशी ओरड झाली आणि २०१९ च्या परीक्षेला ते काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मग पुढच्या वर्षी ते गुण परत दिले. या सगळ्या गडबडीत एका गोष्टीकडे कुणी पाहिले नाही. ती वीस गुणांची तोंडी परीक्षा हीच दहा वर्षांतली एकमेव जागा होती, जिथे मुलाने तोंड उघडून इंग्रजी बोलावे अशी अपेक्षा होती. ती खरोखर घ्यायची सोडून आधी वाटून टाकली, मग काढून टाकली, मग परत वाटायला घेतली.

आता धास्तीकडे येऊ. आम्ही रविवारी अभ्यासवर्ग घेतो. एक पेणला, आणि महिन्यातून दोनदा रोहे तालुक्यातल्या एका गावी. गाडीने कासू, नागोठणे करत रोह्याला उतरायचे आणि पुढे एस.टी. नाहीतर मिळेल ते. या वर्गांत आम्ही मुलांना विचारले की तुम्ही इंग्रजी बोलत का नाही. शब्द येत नाहीत, व्याकरण येत नाही, अशी उत्तरे येतील असे वाटले होते. आले ते वेगळेच. "सगळी हसतात." बहुतेकांनी हेच सांगितले. एका मुलाने वर्गात 'स्टेशन' ऐवजी 'इस्टेशन' म्हटले, तेव्हापासून त्याचे नावच 'इस्टेशन' पडले. तो आता आठवीतून दहावीत गेला, नाव तसेच आहे. त्या दिवसापासून त्याने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलेले नाही. या पोराला काय म्हणून 'मठ्ठ' म्हणायचे?

म्हणून आमच्या वर्गात पहिला नियम आहे की चुकणाऱ्याला हसायचे नाही. जो हसेल त्याने पुढे येऊन तेच वाक्य म्हणायचे. हा नियम केल्यावर दोन रविवारांत हसणे थांबले, कारण हसणाऱ्यालाही ते वाक्य येत नव्हते.

दुसरे असे की मुलाच्या चुकीलाही कारण असते, ती बावळटपणाने होत नाही. 'मी शाळेत जातो' या वाक्यात आपण क्रियापद शेवटी ठेवतो. इंग्रज ते मध्ये ठेवतो. म्हणून मूल 'आय स्कूल गो' असे म्हणते. त्याने मराठीचा नियम अगदी बरोबर पाळलेला असतो. आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' मागून लावतो. इंग्रजीत 'ऑन' आधी येतो. 'अ', 'ॲन' आणि 'द' ही तर मराठीत वस्तूच नाही, मग मूल ते विसरणारच. आपल्या 'व' या एका अक्षरात त्यांचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन्ही आवाज येतात, म्हणून आपल्या मुलाला त्यांतला फरक ऐकूच येत नाही. हे एकदा फळ्यावर समजावून सांगितले की मुलाचा चेहरा उजळतो. आपण ढ नाही, दोन भाषांचे रस्ते वेगळे आहेत, एवढे त्याला कळते. छडीने हे कळत नाही.

स्पेलिंगचे तर विचारूच नका. 'नाइफ' या शब्दाच्या आधी 'के' का, याचे उत्तर मुलाला कुणी देत नाही, पाठ कर म्हणतात. खरे कारण असे की काही शतकांपूर्वी इंग्रज लोक तो 'क' खरोखर उच्चारत असत. छापखाने आले, स्पेलिंग हळूहळू पक्के झाले, उच्चार मात्र बदलत गेला आणि 'के' बिचारा तिथेच राहून गेला. सुप्रसिद्ध नाटककार बर्नार्ड शॉ १९५० साली वारले, त्यांनी तर इंग्रजीसाठी नवी लिपी तयार व्हावी म्हणून मृत्युपत्रात पैशांची तरतूद केली होती. इंग्रजीचा एवढा मोठा लेखक जिथे वैतागला, तिथे हमरापूर-जोह्याच्या पोराने वैतागण्यात लाज कसली? ही हकिकत आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुलांना फार बरे वाटते. त्यानंतर ती स्पेलिंग पाठ करतात, पण स्वतःला दोष न देता.

तिसरे, मुलाला आधीच किती येते ते त्याला दाखवा. आम्ही एका रविवारी म्हटले, आज नवे काही शिकायचे नाही, आपल्या घरात आणि रस्त्यावर बोलले जाणारे इंग्रजी शब्द सांगा. ड्रायव्हरच्या पोराने ब्रेक, क्लच, गिअर, स्टेपनी, पंक्चर असे सुरू केले. जिची आई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते तिने मोल्ड, कलर, स्प्रे, फिनिशिंग, पॅकिंग, ऑर्डर हे शब्द सांगितले. धाटावच्या एम.आय.डी.सी.त ज्याचे वडील जातात त्याने शिफ्ट, गेटपास, हेल्मेट, कॉन्ट्रॅक्टर, ओव्हरटाइम, बॉयलर हे सांगितले. फळा भरला, पुसला आणि पुन्हा भरला. वीटभट्टीवरून परत आलेला कातकरी वाडीतला एक पोरगा मागे बसतो, तो सहसा बोलत नाही. त्याने 'ॲडव्हान्स' हा शब्द सांगितला. सगळा हिशोब त्या एका शब्दात होता. आम्ही तो फळ्यावर सर्वांत वर लिहिला.

शब्दांचा धसका घेणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला नोकरीस होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला का जमत नाही, याचा त्यांनी पुष्कळ विचार केला आणि मोजक्या शब्दांची वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ साली त्यांनी नेहमी लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ती सुमारे दोन हजार शब्दांची आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, आकडेमोडीची खोड जात नाही. पाचवी ते दहावी ही सहा वर्षे धरा, वर्षाला शाळेचे दिवस फक्त दोनशे धरा. दोन हजार भागिले बाराशे. दिवसाला दोन शब्दही होत नाहीत. नोकरीत आम्ही पाहतो, कचेरीतले सगळे इंग्रजी वीस-पंचवीस ठरावीक वाक्यांवर चालते. 'आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात' इथून सुरू होऊन 'आदेशार्थ सादर' इथे संपते. ज्या साहेबाला लोक 'फाडफाड इंग्रजी' म्हणून घाबरतात, त्याचीही झोळी कित्येकदा एवढीच असते.

आता कळीचा मुद्दा. मुलाने शिकायचे कशासाठी? कॅनडातील गार्डनर आणि लॅम्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी परकी भाषा शिकणाऱ्यांचा बराच अभ्यास केला, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७२ साली निघाले. त्यांनी शिकणाऱ्यांच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले. एक, नोकरी-परीक्षा असा काही फायदा व्हावा म्हणून शिकणे. दुसरा, त्या भाषेच्या माणसांत मिसळावे, त्यांच्या जवळ जावे म्हणून शिकणे. कॅनडात हे ठीक आहे, तिथे शेजारी दुसऱ्या भाषेची माणसे राहतात. आमच्या पेणला कोणता इंग्रज राहतो? मग आमच्या मुलाला फक्त पहिलीच ओढ उरते, आणि ती चौदा वर्षांच्या वयात फार कमी पडते. नोकरी त्याला दूर दिसते. तीही मिळेल याचा भरवसा त्याच्या मोठ्या भावाकडे पाहून राहिलेला नसतो.

उत्तर प्रदेशात चंद्रभान प्रसाद या विचारवंतांनी यावर एक वेगळाच उपाय काढला. लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली त्यांनी चक्क 'इंग्रजी देवी'च्या मंदिराचा पाया घातला. त्यांचा हेतू चांगला आहे, दलितांच्या मुलांनी इंग्रजी शिकावे ही तळमळ खरी आहे. पण आम्ही म्हणतो, एवढ्या कष्टाने तेहतीस कोटींतून सुटलो, आता आणखी एक कशाला? देवी आली की नवस येतो, आणि नवस आला की अभ्यास जातो.

आमच्या मुलांना इंग्रजांत मिसळायचे नाही, पण त्या भाषेत त्यांना भेटावेसे वाटेल असे एक माणूस आहे. बाबासाहेब. त्यांनी 'मूकनायक' १९२० साली आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ साली काढले ते मराठीत, कारण ते आपल्या माणसांशी बोलत होते. महाडला ते मराठीत बोलले. पण १९३६ सालचे जातिनिर्मूलनावरचे भाषण लाहोरच्या लोकांसाठी होते, म्हणून इंग्रजीत लिहिले. ते भाषण करू दिले नाही, तर त्यांनी ते स्वतः छापून काढले आणि ते देशभर गेले. मराठी आणि इंग्रजी यांत त्यांनी भांडण लावले नाही. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या भाषेत बोलले.

आणि हे इंग्रजी त्यांना आकाशातून मिळाले नाही. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवले आहे. सुभेदार रामजींनी लहानपणीच हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला भीमरावांकडून घोटून घेतल्या. परळच्या चाळीत एकच खोली होती. बाप रात्री दोन वाजता मुलाला उठवी. पुस्तकांसाठी पैसे नसले तर रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने पैसे घेत किंवा त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत. संस्कृत शिकायची भीमरावांची इच्छा होती, तो दरवाजा त्यांना बंद झाला आणि फारसी घ्यावी लागली. इंग्रजीच्या दाराशी मात्र जात विचारायला कुणी बसलेले नव्हते. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. आजचे तज्ज्ञ म्हणतात की भाषांतराने भाषा शिकवणे जुनाट आहे. असेल. पण घरात बाप शेजारी बसून पाठ घेत होता, हे काही जुनाट झालेले नाही.

याचाच उपयोग आम्ही एका मुलीसाठी केला, तो सांगतो. रोहे तालुक्यातली मुलगी, नाव देत नाही. वडील कंत्राटी कामगार. दहावीला इंग्रजीत राहिली. वय सोळा. निकालाच्या आठवड्यातच मामाने स्थळ आणले. "आता नाय तर नाय, बोलणी तरी करून ठेवू." अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे आम्ही सांगितले, पण कायद्याने घरातली माणसे गप्प बसतात, पटून घेत नाहीत. पूर्वी नापास झालेल्याला ऑक्टोबरची वाट पाहावी लागे, २०१५ पासून पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते. आम्ही वडिलांना म्हटले, तेवढे दिवस द्या. ते भले माणूस, हो म्हणाले.

मुलीला पाठ्यपुस्तक उघडले की रडू येई. तेव्हा ते बाजूला ठेवले. घरात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' होता, वर्षावासात विहारात वाचतात तोच. हा ग्रंथ बाबासाहेबांनी मुळात इंग्रजीत लिहिला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो प्रसिद्ध झाला, हे तिला माहीतच नव्हते. आम्ही इंग्रजी प्रत नेली. या ग्रंथाची सोय अशी की वाक्ये छोटी आहेत आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक आहेत. मराठीतला क्रमांक आणि इंग्रजीतला क्रमांक समोरासमोर ठेवता येतो. रोज दोन क्रमांक. आधी मराठी मोठ्याने, मग इंग्रजी मोठ्याने, मग मराठी झाकून अर्थ सांगायचा. सिद्धार्थाच्या कुळापासून सुरुवात केली. तिची आजी निरक्षर. ती भिंतीला टेकून ऐकत होती. इंग्रजीतून कपिलवस्तू, शुद्धोदन ही नावे आली तशी ती म्हणाली, "अगं हे तर आपलंच चाललंय." त्या दिवसापासून आजी रोज संध्याकाळी तिला वाचायला बसवू लागली. नात चुकली की आजीला कळत नसे, पण नात अडखळून थांबली की कळे. मग ती म्हणे, "थांबलीस का? वाच."

शेवटचे काही आठवडे मग आम्ही पाठ्यपुस्तक, पत्रलेखन आणि जुने पेपर यांवर जोर दिला. तेही करावेच लागते, नुसत्या गोडीने पेपर सुटत नाही. मुलगी पास झाली. गुण फार नाहीत, पण पास. आता अकरावीला आहे. मामा मात्र अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक छोटे पुस्तक सुचवतो, बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. थोडी पाने आहेत. त्यातला पहिलाच प्रसंग लहानपणचा आहे. भावंडे वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावला निघतात, मसूर स्टेशनवर उतरतात, कुणी घ्यायला आलेले नसते. जात कळताच स्टेशनमास्तर तोंड फिरवतो, बैलगाडीवाला दुप्पट भाडे मागतो आणि पोरांनाच गाडी हाकायला लावतो. वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची हकिकत, साध्या इंग्रजीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हे वाचायला लावतात. नववी-दहावीच्या मुलाला कोश घेऊन ते वाचता येते. पुढे काय होते हे कळल्याशिवाय त्याला राहवत नाही, आणि आमच्या मते मूल भाषा शिकते ते अशा वेळी. मुलींना आम्ही उर्मिला पवार यांचे 'आयदान' आधी मराठीत वाचायला देतो, मग माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाची दोन पाने. कोकणातलीच बाई, कोकणातलेच घर, आयदाने विणणारी आई, आणि हे सगळे इंग्रजीत! मुलींचे डोळे मोठे होतात.

रोह्याच्या मुलांपुढे आम्ही चिंतामणराव देशमुखांचेही नाव घेतो. जन्म महाडजवळ नाते येथे १८९६ सालचा, घराणे रोह्याचे. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. एवढे इंग्रजी शिकूनही मेघदूत मराठी पद्यात आणायचे विसरले नाहीत. आम्ही बी.कॉम.वाले असल्याने आणखी एक जोड लावतो. रिझर्व्ह बँक १९३५ साली निघाली, त्याच्या बारा वर्षे आधी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावर लंडनला इंग्रजीत ग्रंथ छापणारा मनुष्य आपला होता. अर्थात देशमुखांच्या घरी विद्या आधीपासून होती आणि रामजींना दागिने गहाण टाकावे लागत होते, हा फरकही मुलांना सांगावा. लपवू नये.

पालक नेहमी विचारतात, मग इंग्रजी माध्यमातच घातले तर? ज्या घरात कुणी तरी अभ्यास घेऊ शकते त्यांनी अवश्य घालावे. पण पेणच्या नाक्यावर पाटी लावलेली प्रत्येक शाळा इंग्रजी शिकवतेच असे नाही. कर्ज काढून फी भरायची, आणि चौथीत कळायचे की मुलाला धड मराठी वाचता येत नाही व धड इंग्रजी समजत नाही, अशी घरे आम्हांला ठाऊक आहेत. त्यापेक्षा चांगली मराठी शाळा, जमल्यास सेमी इंग्रजी, आणि रोज घरी अर्धा तास हा मार्ग आम्हांस बरा वाटतो. ज्याची मराठी पक्की त्याला दुसरी भाषा बांधायला जोते मिळते.

ज्या आईबापांना इंग्रजी येत नाही त्यांनी काय करावे? आजीने केले तेच. शेजारी बसावे आणि ऐकावे. मोबाइल मुलाच्या हातात असतोच, त्यात कोश आहे, उच्चार ऐकायची सोय आहे. बालभारतीची पुस्तकेही त्यावर फुकट मिळतात. दहा मिनिटे मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्यानंतर खुशाल खेळू द्यावे. वडिलांनी कारखान्याच्या गेटवरच्या सूचना मुलाकडून वाचून घ्याव्यात. 'डेंजर' आणि 'इनफ्लेमेबल' हे शब्द बापालाही उपयोगी पडतील, तिथे रोज उभे राहायचे आहे. लाइटबिल, बँकेचे पासबुक, औषधाच्या बाटलीवरचा कागद, हे सगळे मुलाकडे द्यावे. घराला आपल्या इंग्रजीची गरज आहे हे मुलाला कळले, की शाळेतली गरज त्याला वेगळी पटवावी लागत नाही.

हुशार मुलांच्या पालकांसाठी एक माहिती राहिली. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, दरवर्षी ७५ जागा. परदेशी विद्यापीठे प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा मागतात. तिची तयारी पदवीनंतर सहा महिन्यांत होत नाही, ती आठवी-नववीत सुरू व्हावी लागते.

शेवटी मुंबईकर मंडळींना एक विनंती. दरवर्षी आपण गावी येऊन वह्यावाटप करता, फोटो निघतात, चांगले आहे. यंदा वह्या थोड्या कमी आणा आणि प्रत्येक वाडीसाठी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश आणा, जाड पुठ्ठ्याचा. प्रत्येक मुलाला नको, वाडीत एक पुरे. फक्त तो विहाराच्या कपाटात कुलूप लावून, किल्ली अध्यक्षांकडे, अशा रीतीने ठेवू नये. गेल्या खेपेचा कोश अजून आत आहे आणि अध्यक्ष ठाण्याला मुलाकडे गेले आहेत.